मधल्याचा रुपया

परवा जेवणाच्या सुट्टीत खात्यातल्या एकानं डबा उघडला आणि हुरड्याचा वास आला. कोवळी ज्वारी गोवरीच्या निखाऱ्यात भाजली की तिला एक धुरकट, दुधाळ वास येतो. डब्यात भरून रात्र उलटली तरी तो जात नाही. सगळ्यांनी हात पुढे केले. मीही केला. चार दाणे तोंडात टाकले आणि पाणी पिऊन येतो म्हणून नळाकडे निघून गेलो.

दर पौषात माझं असं होतं. भोसरीच्या पुढे कधी कामानिमित्त जाणं झालं की मोशीच्या, चिखलीच्या बाजूला अजून ज्वारी उभी दिसते. कणसं भरतात, पाखरं उतरतात, बांधावर कुणीतरी रिकामा डबा बडवत असतं. लोकांना अशा वेळी शेकोटी आठवते, मामाचं गाव आठवतं. मला एका माणसाचा वाटलेला हेवा आठवतो. त्याला आता पंधरा वर्षं होतील. तरी ज्वारीच्या दाण्यात दूध भरू लागलं की माझ्याही आत ते जुनं काहीतरी भरून येतं.

कोयनेचा भूकंप झाला तो हिवाळा. मी पिंपरीच्या एका कंपनीत इन्स्पेक्शनला होतो. लेथवरून उतरलेले भाग माझ्या टेबलावर येत. मी मायक्रोमीटर लावायचा आणि पास किंवा रिजेक्ट एवढंच सांगायचं. वाद घालायला फारसं कुणी येत नसे. केसाच्या जाडीइतका फरक मला बोटांना कळतो असं शॉपमध्ये बोललं जाई, आणि ते ऐकून न ऐकल्यासारखं करण्यात मला मोठं सुख होतं.

रविवारी मात्र मी वेगळा माणूस असे. जुनी नाणी जमवायचा मला नाद होता. पुण्याच्या जुन्या बाजारात कुलपं, कंदील, फुटके अडकित्ते यांच्या ढिगाशेजारी उकिडवा बसून मी तासन् तास घालवत असे. त्यातही मोगल रुपये माझ्या विशेष प्रेमाचे. चांदीचा जाड, वाटोळा तुकडा, आणि त्यावर एकमेकांच्या कुशीत शिरून बसलेली फारसी अक्षरं. ती वाचायला मी शेख मास्तरांकडे शिकलो. मास्तर उर्दू शाळेतून निवृत्त झालेले, पत्नी गेलेली, चिंचवडगावात एका गल्लीत दोन खोल्यांत एकटे राहत. त्यांचं स्वतःचं नाण्यांचं कपाट होतं. दर रविवारी सकाळी ते उघडलं जाई, आणि मी उठताना त्याला कुलूप लावून किल्ली मास्तरांच्या हातात द्यायचं काम माझं असे. या कामाचा मला केवढा अभिमान होता हे आज सांगतानाही संकोच वाटतो.

मास्तरांकडेच मी ती तीन भावांची हकीकत ऐकली. नगरच्या छावणीत म्हातारा पातशहा वारला तेव्हा थोरला मुलगा दूर काबूलकडे होता. मधला माळव्याकडे निघाला होता, तो बातमी ऐकून माघारी धावला आणि नगरलाच तख्तावर बसला. धाकट्यानं तिकडे विजापुरात स्वतःला पातशहा म्हणवून घेतलं. तिघांनीही आपापल्या नावाचे रुपये पाडले. "लोक म्हणतात, राजा तलवारीनं होतो," मास्तर सांगत. "तलवार नंतर. आधी मशिदीत आपलं नाव वाचून घ्यायचं आणि बाजारात आपलं नाव चालवायचं." मधल्याचं नाव बाजारात तीन-साडेतीन महिने चाललं. मग आग्र्याजवळच्या लढाईत तो थोरल्याकडून मारला गेला. धाकटा दोनेक वर्षं टिकला आणि तोही हैदराबादेजवळ थोरल्याच्याच फौजेशी लढताना संपला. थोरल्यानं पुढं काही वर्षं राज्य केलं, म्हणून त्याचा रुपया कुठंही मिळतो. धाकट्याचा मिळायला नशीब लागतं. मधल्याचा मास्तरांनी साऱ्या आयुष्यात एकदाच पाहिला होता, तोही दुसऱ्याच्या हातात.

माझ्याकडे धाकट्याचा होता. सात वर्षांच्या भटकंतीनंतर मिळालेला, झिजलेला, कडेला एक खाच पडलेला. तो प्रथम मास्तरांच्या तळहातावर ठेवला तेव्हा त्यांनी तो दोनदा उलटून पाहिला, आणि मग नुसतं "वाह, जोशी" म्हणाले. ते दोन शब्द मी कितीतरी दिवस पुरवून पुरवून वापरले.

मग सोपान आला.

तो आमच्याच शॉपमध्ये टर्नर होता, चऱ्होलीचा. घरची शेती, नदीकाठची काळी जमीन, आई, बायको आणि पुढं भूकंपाच्या वर्षी झालेली मुलगी. सायकलवर येई, डब्यात दोन भाकऱ्या आणि ठेचा, आणि कुणी काही विचारलं की आधी हसणार, मग उत्तर देणार. एकदा माझ्या टेबलावर भाग ठेवताना त्यानं खिशातून एक तांब्याचा जुना पैसा काढून विचारलं, हे काय लिवलंय. मी वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी दुसरा आणला. मला शिकवायला आवडतं, आणि माझ्यापेक्षा कमी जाणणारा माणूस समोर असला की जास्तच आवडतं. मी त्याला फारसी अक्षरं काढून दिली, पुढं मास्तरांकडे घेऊन गेलो. त्याला तिथं मीच नेलं, ही गोष्ट नंतर मी स्वतःला किती वेळा ऐकवली असेल.

वर्षभरात तो माझ्याइतकं वाचू लागला. लेथ चालू असताना हेडस्टॉकच्या लोखंडी पेटीवर खडूनं अक्षरं गिरवायचा आणि शिफ्ट संपायच्या आधी बोळ्यानं पुसून टाकायचा. मास्तर त्याला "बेटा" म्हणू लागले. मला ते इतक्या वर्षांत 'जोशी' आणि 'तुम्ही'च म्हणत आले होते. त्यात आदर होता, हे कळत होतं. पण आदर ही काही मांडीवर घेण्याची गोष्ट नव्हे.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी मास्तरांनी माझा धाकट्याचा रुपया पाहायला मागितला. सोपाननं तो हातात घेतला, उलटा केला, खिडकीकडे गेला. मग जरा बिचकत म्हणाला, की ही टांकसाळ विजापूरची नसावी, खाली 'दाल' हे अक्षर दिसतंय, हे हैदराबाद असंल. मी तीन वर्षं त्या नाण्याच्या पाकिटावर विजापूर लिहून ठेवलं होतं. मास्तरांनी भिंग लावलं. पाहिलं, आणि मोठ्यानं हसले. सोपानच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, की बघा, जोशी, शागिर्दाचा शागिर्द पुढे गेला. मीही हसलो. घरी येऊन पाकिटावरचं विजापूर खोडलं. हैदराबाद लिहायला मात्र पुढं महिना लागला.

हेव्याबद्दल एक गोष्ट मला त्या हिवाळ्यात कळली. तो एकदा लागला की त्याला खाद्य पुरवावं लागत नाही, तो आपलं आपण शोधतो. मला सोपानच्या हसण्याचा हेवा वाटू लागला. त्याच्या भाकरीचा वाटू लागला. माझे हात थंडीत फुटत, त्याचे फुटत नसत, त्याचाही वाटला. तो पगाराच्या दिवशी निर्धास्त असे, कारण घरी धान्य होतं. माझ्या घरी चिंचवडला दोन खोल्या होत्या, बायको सुमन होती, आणि महिना संपताना दोघांनी बोलायचे टाळलेले विषय होते. तो मला 'साहेब' म्हणे, आणि तेवढ्यानं माझं समाधान होत नसे. उलट, साहेब म्हणणाऱ्या माणसाचा आपल्याला हेवा वाटावा, याची लाज त्यात मिसळे आणि सगळंच आंबून जाई.

पौषात त्यानं हुरड्याला बोलावलं. सुमनला बरं नव्हतं, मी एकटाच गेलो. आळंदीची बस धरून फाट्यावर उतरलो तेव्हा नऊ वाजले होते, आणि इंद्रायणीवरचं धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं. शेतात जमिनीत खळगा खणून गोवऱ्या पेटवल्या होत्या. सोपानची बायको कणसं निखाऱ्यात खुपसत होती आणि त्याची आई पोत्यावर बसून गरम कणसं तळहातांनी चोळत होती. कोवळे, पोपटी दाणे भराभर पडत. म्हातारीनं पहिली ओंजळ मला दिली, लसणाची चटणी दिली, गुळाचा खडा दिला. दुसरी ओंजळ तिनं सोपानच्या हातात ओतली आणि त्याच्या मनगटावर चिकटलेलं कुसळ नखानं काढून टाकलं. तो तिशीचा होता. मला आई नव्हती, मी नऊ वर्षांचा असताना गेली. ते कुसळ काढतानाचं तिचं बोट मी अजूनही पाहू शकतो.

खाणं झाल्यावर सोपान मला बांधापलीकडे घेऊन गेला. मुंडाशाच्या टोकाला गाठ मारली होती, ती सोडली. म्हणाला, की देव्हाऱ्यात देवांच्या टाकांशेजारी एक लक्ष्मीचा रुपया आहे, आजा-पणज्यापासून. दर दिवाळीला त्यावर हळद-कुंकू चढतं, आजवर कुणी धुतलेला नाही, वर नुसता लाल थर. आई नको नको म्हणत असताना त्यानं तो आदल्या दिवशी रिठ्याच्या पाण्यात घातला. "मला वाटतं ह्यो मधला हाय," तो हळूच म्हणाला. "पर तुमी बघितल्याबिगर मास्तरांस्नी दाखवायचा न्हाई म्हनलं."

मी तो हातात घेतला.

हळद-कुंकवानं त्याला अडीचशे वर्षं सांभाळलं होतं. जणू टांकसाळीतून कालच निघालेला. अक्षरांच्या कडा बोटाला लागत होत्या. टांकसाळीचं नाव अर्धं कडेबाहेर गेलं होतं, पण खालच्या ओळीत राजाचं नाव पूर्ण होतं. मागच्या बाजूला 'अहद', म्हणजे राज्याचं पहिलं वर्ष. दुसरं त्याला मिळालंच नाही. माझ्या हातात सारं आयुष्य शोधावं असं नाणं होतं, आणि ते त्यानं शोधलं नव्हतं. त्यासाठी तो कुठं गेला नव्हता, उन्हात बसला नव्हता, कुणाशी घासाघीस केली नव्हती. ते त्याच्या घरात, त्याच्या देवांजवळ, त्याची वाट पाहत बसलं होतं.

माझ्या डोळ्यांपुढे पुढचा रविवार आला. मास्तरांचा तळहात. बेटा.

"ओतीव आहे," मी म्हणालो.

त्याला कळलं नाही. मी समजावून सांगितलं. खरा रुपया ठशानं ठोकून पाडतात. खोटा पाडणारे खऱ्याचा साचा घेऊन चांदी ओततात, मग कडेला शिवण राहते, पृष्ठावर सुईच्या टोकाएवढी भोकं राहतात. मी नाणं आडवं धरलं आणि नसलेली शिवण नखानं दाखवली. त्यानं वाकून पाहिलं. त्याला ती दिसली. मी दाखवतोय म्हटल्यावर त्याला ती दिसणारच होती.

"कंपनीतल्या काट्यावर वजन करून बघायचं का?" त्यानं विचारलं.

मी गरज नाही म्हणालो.

त्यानं रुपया एकदा उलटासुलटा केला, आणि मग हसला. मला वाटलं होतं तो खट्टू होईल. मी त्याची वाटच पाहत होतो. तो म्हणाला, की जाऊ द्या साहेब, आपल्या घरात एवढं कुठलं निघायला. मग नाणं माझ्यापुढं धरून म्हणाला, की तुम्हाला नमुना म्हणून ठेवायचा तर घ्या, खोटं कसं असतं ते दाखवायला उपयोगी पडेल.

मी घेतला असता तर तो माझा झाला असता, फुकट. मी नको म्हणालो. आजवर मी हा क्षण पुष्कळदा चाचपून पाहिला आहे. मला चोरी करायची नव्हती, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत असे. खरं म्हणजे मला ते नाणं नकोच होतं. ते त्याच्याकडे असू नये, एवढंच मला हवं होतं.

संक्रांत झाली. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी सोपान माझ्या टेबलाशी आला. मुलीची पहिली संक्रांत होती, म्हणून आळंदीच्या सोनाराकडून तिला वाळे करून घेतले, हे त्यानं आनंदानं सांगितलं. थोडी चांदी बायकोच्या मोडक्या जोडव्यांची, आणि थोडी तो रुपया. देवात खोटी वस्तू ठेवायची नाही म्हणून त्यानंच तो बाहेर काढला होता. आई दोन दिवस जेवली नाही, मग समजली. देवापुढं आता सरकारी रुपया ठेवलाय. एवढं सांगून तो घुटमळला. "सोनार म्हनला चांदी चोख निघाली. खोटा असून चांदी खरी कशी?"

मी म्हणालो की काही लोक खोटं पाडतानाही चांदी चांगली वापरतात. असं उत्तर माझ्या तोंडून इतक्या सहज आलं की मलाच नवल वाटलं. तो मान हलवून गेला. मी समोरचा भाग उचलला, मायक्रोमीटर लावला, आणि आकडा वाचता येईना.

नाणं आटवलं जाईल असं माझ्या मनात आलं नव्हतं. तो ते देव्हाऱ्यात परत ठेवील, वर पुन्हा हळद-कुंकू चढेल आणि कुणाला काही कळणार नाही, एवढाच माझा हिशेब. मधल्याचं नाव साडेतीन महिने चाललं आणि संपलं. त्यातून जे थोडं उरलं होतं त्यातलं एक आता एका तान्ह्या मुलीच्या पायात वाजत होतं, बिननावाचं.

एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित मी आयुष्यभर गप्प राहिलो असतो. पण मास्तरांनी आम्हाला एक सवय लावली होती. नाणं हाती आलं की त्यावर पातळ कागद ठेवायचा आणि वरून पेन्सिल हलकी घासायची, की अक्षरांचा ठसा कागदावर उमटतो. सोपाननं रुपया सोनाराला देण्याआधी तसा ठसा घेऊन ठेवला होता. रथसप्तमीच्या सुमाराच्या रविवारी त्यानं तो मास्तरांपुढे ठेवला. त्याला फक्त वरच्या ओळीतली दोन अक्षरं लागत नव्हती, ती विचारायची होती.

मास्तरांनी चष्मा पुसला. कागद उजेडात धरला. भिंगातून एकेका अक्षराची कड पाहिली; ओतीव नाण्याचा ठसा इतका धारदार उमटत नाही. मग त्यांनी विचारलं, हा रुपया कुठे आहे. सोपाननं वाळ्यांचं सांगितलं. का, असं मास्तरांनी विचारल्यावर तो म्हणाला, की खोटा होता, ओतीव, जोशीसाहेबांनी तपासला.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं.

"जोशी, तुम्ही हातात घेऊन पाहिला होता?"

"हो."

"उजेडात?"

"हो."

त्यांनी कागदाची घडी पूर्वीसारखी घातली आणि सोपानला परत दिली. जपून ठेव, एवढंच म्हणाले. ती दोन अक्षरंही वाचून दाखवली. त्यानंतर नेहमीप्रमाणे चहा झाला, थोरल्याच्या एका नाण्यावर बोलणं झालं. उठायची वेळ झाली तशी मी सवयीनं कपाटाशी गेलो. मास्तर म्हणाले, "राहू द्या. सोपान लावील कुलूप."

मी गल्लीतून बाहेर पडलो. मास्तरांना सारं कळलं होतं, हे मला कळलं होतं. आणि तरीही, खोटं कशाला सांगू, त्या वेळी मला पश्चात्तापाच्या आधी काय वाटलं असेल तर त्या किल्लीचा हेवा.

त्यानंतरचे दिवस विचित्र गेले. शिवारातला हुरडा संपला, दाणे कडक झाले, ज्वारी पिवळी पडली. शॉपमध्ये सोपान माझं कौतुक करत सुटला. पाहणाऱ्याला अगदी खरं वाटावं असं नाणं, पण साहेबांच्या नजरेतून सुटलं नाही, असं तो ज्याला त्याला सांगे, तो कागद दाखवून. नव्या आलेल्या कामगारांना तो माझ्या टेबलाशी आणून हे ऐकवी. इतके दिवस मला हवं होतं ते हेच: माझ्या नजरेची तारीफ, तीही त्याच्या तोंडून. ती तारीफ मला रोज सकाळी आठ वाजता मिळू लागली. सुमननं एकदा विचारलं की तुम्हाला अलीकडे झोप का लागत नाही. मी शिफ्टवर ढकललं.

माघ संपत आला तेव्हा मी न बोलावता चऱ्होलीला गेलो. ज्वारीची काढणी चालली होती. सोपान एकटाच वावरात होता, उपटलेल्या ताटांच्या पेंढ्या बांधत होता. मी उभ्या उभ्याच सांगितलं. रुपया खरा होता. मधल्याचाच होता. मला पहिल्या नजरेत कळलं होतं.

त्यानं हातातली पेंढी बांधून पुरी केली. दुसरी बांधली. तिसरी बांधायला घेतली आणि तशीच खाली ठेवली.

"का?" त्यानं विचारलं.

"हेवा वाटला."

"माझा?"

त्यानं हे इतक्या नवलानं विचारलं की मला मान वर करवेना. तो आपल्याच हातांकडे, मातीनं भरलेल्या पायांकडे बघत होता, त्यांत हेवा वाटण्यासारखं काय आहे ते शोधत असल्यासारखा. तो रागावला असता, अंगावर आला असता, तर मला सोपं गेलं असतं. मग तो म्हणाला, "मला सांगून काय उपेग, साहेब? मी काय, इसरून गेलो असतो. आईला सांगा. घरातला देव खोटा निघाला असं वाटून बसलीय ती."

आम्ही घरी गेलो. म्हातारी ओसरीवर मुलीला पायांवर घेऊन बसली होती. मुलीच्या पायात ते वाळे होते. मी खाली बसलो आणि सांगितलं. सगळं सांगितलं, हेव्यासकट. ऐकून झाल्यावर ती सोपानकडे वळली आणि म्हणाली, की मी सांगत हुते का न्हाई. मग माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, पण पहिली ओंजळ मला देतानाची आपुलकीही नव्हती. एखादं काम सोपवावं तशी ती बोलली.

"तुमच्याकडं लई जुनं रुपये हायेत म्हनं. त्यातला एक आणून द्या देवाला. झालं गेलं."

मी हो म्हणालो. एवढ्यावर सुटलो असं वाटून परतीच्या बसमध्ये मला अनेक दिवसांनी डुलकी लागली.

सोपाननं पुढे दोनेक वर्षांत नोकरी सोडली आणि भोसरीला स्वतःचं लेथ टाकलं. आता त्याच्याकडे सहा माणसं कामाला आहेत, असं ऐकतो. मास्तर गेले तेव्हा त्यांचं कपाट त्यांच्या पुतण्यानं नेलं, पण भिंग त्यांनी सोपानला देऊन ठेवलं होतं. या दोन्ही बातम्या मला कँटीनमध्ये कळल्या, आणि दोन्ही वेळा छातीत तीच ओळखीची कळ उठली. माणसाचं वय वाढतं, केस पिकतात, ही कळ मात्र तरुण राहते. पण हे सगळं नंतरचं. मला सांगायचंय ते त्या माघातल्या पुढच्या रविवारचं.

त्या सकाळी मी नाण्यांचा ट्रे घेऊन बसलो. काय द्यायचं हे उघड होतं. मधल्याच्या बदल्यात धाकट्याचा. त्याच्या जागी ठेवता येईल असं माझ्याजवळ तेवढंच होतं. मी तो पाकिटातून काढला, रुमालात गुंडाळला, रुमाल खिशात ठेवला. चप्पल घातली. मग परत आत आलो. रुमाल सोडला. झिजलेला, खाच पडलेला, सात वर्षांचा तो रुपया मी पुन्हा पाकिटात घातला, आणि ट्रेच्या दुसऱ्या टोकाचा थोरल्याचा एक घेतला. चांगला जाड, चकचकीत, ठसठशीत. जुन्या बाजारात असे ढिगानं मिळत. म्हातारीला चकचकीतच आवडेल, असं मी स्वतःला सांगितलं. तिला कुठं वाचता येतंय, असंही सांगितलं.

चऱ्होलीला पोचलो तेव्हा ती देव्हाऱ्यापुढं हळद-कुंकवाची वाटी घेऊन तयारच होती. मी रुपया पुढं केला. पण तिच्या आधी सोपाननं हात पुढं केला, म्हणून त्याच्या तळहातावर ठेवला.

तो नाणं घेऊन दाराशी गेला, उजेडात. आडवं धरून कड पाहिली. बोटानं सावकाश वरची ओळ वाचली, मग खालची. नावावर त्याचं बोट थांबलं. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि मी चौकटीशी काढून ठेवलेल्या माझ्या चपलांकडे पाहू लागलो.

"कसा हाय?" म्हातारीनं आतून विचारलं.

"चांगला हाय," तो म्हणाला, आणि रुपया तिच्या हातात दिला.